तांबडीचे खुराड्यात समावेशन

कुंभकोणम् येथील व्यंकोजीरावांच्या परसातल्या खुराड्यात कायदा आणि सुव्यवस्था बिघडली आहे, ही बाब त्यांच्या सुनेनं, मधुमितेनं, सकाळच्या इडलीच्या वेळी त्यांच्या निदर्शनास आणली. व्यंकोजीरावांनी घास हातातच धरला. सारी हयात त्यांनी सरकारी कचेरीत घालवली होती आणि आपल्या हद्दीत काही बिघडू शकतं, हे त्यांनी नोकरीत असतानाही कधी मान्य केलं नव्हतं.

"काय जालें?"

"तांबडीची शेपूट गेली, मामंजी."

"कुठें गेली?"

"बाकीच्यांनी उपटली! पाठीवर पीस राहिलं नाही. रक्त निघतंय."

"असें तांबडीनें स्वतः सांगितलें?"

"कोंबडी काय सांगणार?"

"मग तक्रारदार कोण?" असं विचारून व्यंकोजीरावांनी घास तोंडात टाकला. तक्रारदार नसेल तर तक्रार नसते आणि तक्रार नसेल तर इडली गार करण्याचं कारण नसतं.

खुराड्यातल्या जुन्या मंडळींची नावं त्यांनी स्वतः ठेवली होती. थोराड काळी, ती सरकार. तिच्या खालोखाल दिवाणीण, मग फडणीस, मग किल्लेदारीण आणि सर्वांत शेवटी एका डोळ्यानं अधू असलेली चोपदारीण. व्यंकोजीरावांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात राजांच्या मागे उभे राहून चवरी ढाळत, असं घरात सांगायची पद्धत होती. त्यामुळे कोंबडी झाली तरी तिला हुद्दा पाहिजेच. तांबडी तेवढी बिनहुद्द्याची. जवळच्याच सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या एका शेतकरणीकडून मधुमितेनं ती हौसेनं आणली होती. कोल्हापूरच्या मुलीनं कोंबडी आणून तिला तांबडी म्हटल्यावर सासूबाई गंगाबाईंनी त्याच दिवशी रश्श्याचं पातेलं खाली काढलं होतं. "पाळायला आणलीय हो, अत्या!" असं ओरडत मधुमिता मध्ये पडली म्हणून निभावलं.

तसं पाहिलं तर घरात मधुमितेची गतही फार निराळी नव्हती. पिसं नव्हती एवढंच. तिनं भाजीत दाण्याचं कूट घातलं की गंगाबाई म्हणत, "आमच्यांत असें नसतें." रसमला फोडणी आधी दिली की, "आमच्यांत असें नसतें." एकदा तर शिंकली, तेव्हाही दिवाणखान्यातून व्यंकोजीरावांचा आवाज आला होता. गंगाबाई मनानं वाईट नव्हत्या. पळी हातात घेतली की ते वाक्य आपसूक बाहेर पडायचं.

मधुमिता म्हणाली, "हे बघा, सोपं आहे. मध्ये जाळी लावू, थोडे दिवस एकमेकींना नुसतं बघू दे. दाणे एकाच जागी न टाकता चार ठिकाणी टाकू. जखमेला हळद आणि कडुनिंबाचं तेल. आणि त्या सरकारला काही दिवस बाजूला ठेवू. परत येईल तेव्हा तिचा तोरा उतरलेला असेल."

व्यंकोजीरावांना उपाय अजिबात पसंत पडला नाही. जो उपाय दुपारपर्यंत पुरा होतो, त्याला उपाय कसं म्हणायचं? जाळी लावायची तर जाळीचं धोरण ठरायला हवं. चार ठिकाणी दाणे टाकले तर पहिलं ठिकाण कोणतं, हा प्रश्न उरतोच. हळदीचं त्यांनी गंगाबाईंवर सोपवलं. शेवटच्या सूचनेत मात्र त्यांना ओळखीचा सुगंध आला.

"सरकारला बाजूला ठेवायचें," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे निलंबन."

त्याच दिवशी सरकार निलंबित झाली. निलंबिताला दोष सिद्ध होईपर्यंत निर्वाहाची तोशीस पडता कामा नये, असा नियम व्यंकोजीरावांनी कचेरीत कसोशीनं पाळला होता. तोच इथे लागू झाला. सरकारला पुढच्या ओसरीवर, पंख्याखाली, नव्या डालग्यात ठेवलं. सकाळी भिजवलेला मका, दुपारी दहीभात, संध्याकाळी बाजारातली काळी द्राक्षं. सरकारचा तुरा जास्वंदीसारखा फुलला. ती अंगानं सुटली आणि दुपारची झोपू लागली.

आता कुंभकोणम्‌कडची जुनी घरं अशी सरळ बांधलेली असतात की रस्त्यावर उभं राहिलं तर थेट परसातली विहीर दिसते. साहजिकच परसातून ओसरीही दिसते. खुराड्यातल्या मंडळींनी ओसरी पाहिली. पंखा पाहिला. द्राक्षं पाहिली. आणि कोंबडीचा मेंदू लहान असतो म्हणणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये. दुसऱ्या दिवशी व्यंकोजीराव परसात येईपर्यंत दिवाणीण थांबून राहिली, ते आल्याची खात्री करून घेतली आणि मग त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून तांबडीच्या डोक्यावर सणसणीत टोच मारली.

"अय्यो! हिलाही निलंबित करा!" व्यंकोजीराव ओरडले.

दिवाणिणीनं डालग्यापर्यंत उचलून न्यायचीही वाट पाहिली नाही. स्वतःच चालत गेली. मागोमाग फडणीस. किल्लेदारणीनं तर टोच मारून झाल्यावर साक्षीला गंगाबाईंना हाक मारल्यासारखा आवाज काढला. चोपदारणीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, तिची टोच चुकून कण्हेरीला बसली. पण हेतू स्पष्ट होता म्हणून तिलाही द्राक्षं मंजूर झाली.

आता ओसरीवर पाचही जणी आणि खुराड्यात एकटी तांबडी. व्यंकोजीरावांनी परसात एक फेरी मारली आणि जेवताना जाहीर केलं, "खुराड्यांत भांडण म्हणून राहिलें नाही. समावेशन पूर्ण जालें."

"कुणाचं कुणात?" मधुमितेनं विचारलं.

"तांबडीचें. खुराड्यांत."

"मामंजी, तिथे ती एकटी आहे! कोंबडी एकटी राहत नाही, झुरते. कालपासून दाणा शिवली नाही."

तिचा नवरा जयकुमार ताटात मान घालून भात कालवत होता. मधुमितेनं त्याच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "ह्यांची कंपनी ह्यांना बंगळूरला बोलावतेय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे म्हणतात नको, अप्पांना करमणार नाही. मी आता एकच सांगते. ती तांबडी ह्या घरात जगली, तर आपणही जगू म्हणायचं. मेली तर सामान बांधायला मी कुणाची परवानगी मागणार नाही."

व्यंकोजीराव हात धुवायला विहिरीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. खरी गोष्ट अशी होती की निवृत्तीनंतर ते रोज सकाळी उठत ते मधुमितेशी वाद घालण्यासाठी. तुमची मराठी आताची, आमची जुनी, सांबार आधी आमचं, तुमच्याकडे नंतर गेलं, असं एकेक प्रकरण ते रात्रीच तयार करून ठेवत. गंगाबाई वाद घालत नसत. त्या नुसतं जिंकत. मधुमिता गेली तर ह्या लांबलचक घरात सकाळी उठून करायचं काय?

तांबडी जगली पाहिजे. आणि तातडीनं काही करायचं असलं की व्यंकोजीरावांना एकच मार्ग ठाऊक होता. त्यांनी सभेला बोलावलं.

ही सभा म्हणजे दरबाराशी नातं सांगणाऱ्या घरांची. वर्षातून एकदा सभेचं जेवण होई आणि पंगतीत कोण कुणाच्या वर बसणार, हे पूर्वजांच्या दरबारातल्या जागेवरून ठरे. दरबार मोडून कित्येक पिढ्या झाल्या, पण पंगत काटेकोर होती. सभेचे अध्यक्ष पद्मनाभराव ह्यांचे पूर्वज राजांची पिकदाणी धरत. चवरीवाले मागे उभे आणि पिकदाणीवाले बाजूला. तेव्हा मागचा मोठा की बाजूचा, ह्या वादात दर वर्षी सांबार निवून जाई.

रविवारी पद्मनाभराव जरीची पगडी घालून आले. बरोबर सभेच्या चिटणीस वसंताबाई. पाचही निलंबितांना सन्मानानं खुराड्यात परत आणलं होतं. परसात केळीची पानं ओळीनं मांडली होती, सरकारपासून चोपदारणीपर्यंत हुद्द्याच्या क्रमानं, आणि शेवटी बांधाला टेकून एक फाटकं पान तांबडीसाठी.

"ही योजना कुणाची?" मधुमितेनं कपाळाला हात लावला. "पहिल्या पानावर सरकार सगळं संपवेल!"

"पंगतीनें माणसें माणसांत येतात," व्यंकोजीराव म्हणाले. "कोंबड्या कां येणार नाहीत?"

पद्मनाभराव घसा खाकरून म्हणाले, "आधी घराणें पाहूं. ही तांबडी कुठली?"

"इथलीच," मधुमिता म्हणाली. "सुंदरपेरुमाळ कोयिलची."

"आली कधी?"

"ती बाई म्हणाली, आमच्याकडे ह्या कोंबड्या कायमच्याच. आज्याच्या आज्यालाही ठाऊक नाही कधीपासून."

पद्मनाभराव जरा गोंधळले. "बरें. आणि ही सरकार, दिवाणीण वगैरे जुनी मंडळी?"

व्यंकोजीराव आभाळाकडे पाहू लागले. उत्तर गंगाबाईंनी दिलं. "ह्या अस्क्या, पाचीच्या पाची, नामक्कलहून आणल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांत, बसनें. खोकें माझ्याच मांडीवर होतें."

सरकारनं तेवढ्यात अंग झाडलं. बसमधून मांडीवरच्या खोक्यातून येऊन पहिल्या पानावर बसलेल्यांनी कधीपासून इथे असलेल्याला तू कोण म्हणून विचारावं, हा मुद्दा सगळ्यांच्या लक्षात आला. म्हणूनच पद्मनाभरावांनी झटकन विषय बदलला. "वंशाचें मागाहून पाहूं. पहिला दाणा कोण वाढणार? अध्यक्ष म्हणून मी वाढीन."

व्यंकोजीरावांनी दाण्यांचं पोतं छातीशी धरलं. "परस कुणाचें?"

"पंगतीचा मान कुणाचा?"

"चवरीचा!"

"चवरी पाठीमागें असते! राजांनीं तुमच्या पूर्वजाचें तोंड तरी पाहिलें होतें काय?"

"आणि तुमच्या पूर्वजाचें तोंड पाहून थुंकत!"

ह्यानंतर जे घडलं त्याला सभेच्या भाषेत विचारविनिमय म्हणतात. पद्मनाभरावांनी पोत्याचं एक टोक धरलं. वसंताबाई सोडवायला गेल्या, आणि त्यांचे पूर्वज अत्तरदाणीवाले असल्याचं अचानक आठवून तिसरं टोक धरून बसल्या. पोतं फाटलं. दाणे विहिरीच्या काठी, तुळशीपाशी, कण्हेरीखाली, धुण्याच्या दगडावर, सगळीकडे उडाले. पगडी घरंगळत हौदात गेली. व्यंकोजीरावांचं उपरणं कुणीतरी ओढलं, ते उडून खुराड्याच्या दारात आडवं अडकलं. व्यंकोजीरावांनी पद्मनाभरावांच्या शेंडीला हात घातला, पद्मनाभरावांनी त्यांच्या कानाला, आणि दोघं एकमेकांभोवती गोल गोल फिरू लागले, माना पुढे काढून.

कोंबड्यांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. सरकार इतकी घाबरली की धावत खुराड्याच्या कोपऱ्यात गेली आणि तिथे आधीच दडलेल्या तांबडीच्या पंखाखाली डोकं खुपसलं. मागून दिवाणीण, फडणीस, किल्लेदारीण. चोपदारीण भिंतीला धडकून मग आली. सगळ्या एका गोळ्यात, उपरण्याच्या विरळ विणीतून बाहेरचा दरबार न्याहाळत, चूपचाप.

बऱ्याच वेळानं माणसं दमून ओसरीवर कॉफीला गेली. मग कोंबड्या उपरण्याखालून बाहेर पडल्या. दाणे जिकडेतिकडे होते. कुणी कुणाच्या आधी जायची गरजच नव्हती. तांबडी तुळशीपाशी टिपू लागली, सरकार दगडावर. मधुमिता खांबाला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. उपरण्याची जाळी लागली होती, दाणे चार ठिकाणी पडले होते, सरकारचा तोरा उतरला होता. तिची सगळी सूचना अमलात आली होती, फक्त कुणी हात लावला नव्हता.

संध्याकाळी तांबडी दांडीवर सरकार आणि दिवाणीण ह्यांच्या मधोमध बसली. व्यंकोजीराव उजवा कान चोळत परसात आले.

"पाहिलेंस, मधू? पंगतीचा गुण."

"पाहिलं की, मामंजी." ती त्यांच्या कानाकडे बघत म्हणाली. "बंगळूरला 'नाही' म्हणून कळवलंय आम्ही."

रात्री झोपण्यापूर्वी व्यंकोजीरावांनी सकाळसाठी पुरणपोळी मुळात कुणाची, हे प्रकरण तयार करून ठेवलं.

यथावकाश तांबडीला शेपूट आली. मधुमिता रसमची फोडणी शेवटी देऊ लागली आणि गंगाबाईंनी एका श्रावणात, कुणी पाहत नाही असं बघून, भाजीत दाण्याचं कूट घातलं. वर्ष उलटलं. जयकुमारचा धाकटा भाऊ सूर्या तिरुनेलवेलीच्या कीर्तिशी लग्न करून तिला घरी घेऊन आला. तिच्या आईनं लेकीबरोबर एक पांढरी तलंग कोंबडी दिली होती, पाय बांधून, पिशवीत. ती परसात सोडली.

व्यंकोजीराव झोपाळ्यावर होते. त्यांना परसात फडफड ऐकू आली. धावत गेले तर पांढरी विहिरीमागे दडलेली, आणि तिच्यासमोर चोचीत पांढरं पीस धरून, मान ताठ करून उभी... सरकार नव्हे. सरकार सावलीत झोपली होती. उभी होती तांबडी.

"मधू!" त्यांनी हाक मारली. "अगो, ही तांबडी बघ काय करते!"

मधुमितेनं ऐकलं नाही. ती स्वयंपाकघरात होती, पळी तिच्या हातात होती, आणि कीर्तिनं नुकतंच सांबारात खोबरं वाटून घातलं होतं. खिडकीतून मधुमितेचा आवाज आला, गोड, समजूतदार, आणि अगदी तंजावरी वळणाचा.

"आमच्यांत असें नसतें हं, कीर्ति."

व्यंकोजीराव विहिरीच्या काठावर बसले आणि अगदी समाधानानं पुटपुटले, "आता पूर्ण जालें समावेशन."

तुम्ही हसलात ते बरं केलंत. पण 'आमच्यांत असें नसतें' हे वाक्य तुम्ही शेवटचं कुणाला म्हणालात? नाही ना आठवत? ज्याला म्हणालात त्याला विचारा. त्याला तारखेसकट आठवतं.