सासूबाईंचा अर्धा फेरा

सासरे सकाळी नऊच्या बसने मित्राच्या सत्काराला गेले आणि साडेनऊला जावयाने त्यांच्या गाडीचा कार्बुरेटर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. सासरे पाचला परत येणार होते. तोवर गाडीची थरथर कायमची थांबवायची आणि सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी कौतुक ऐकायचं, असा त्याचा बेत होता. लग्नाला आठ वर्षं झाली, पण त्या तोंडून अजून 'बरं' याच्या पुढे काही आलं नव्हतं.

गाडी जावयापेक्षा वयाने मोठी. जागेवर उभी असताना तिचं इंजिन हीव भरल्यासारखं थरथरे. सासरे निवृत्त हेडमास्तर. दर रविवारी ते दिवसभर गॅरेजमध्ये कार्बुरेटरचा स्क्रू पिळत बसत आणि गाडी सोमवारी पुन्हा थरथरे. "तिला फक्त माझा हात कळतो," असं म्हणून ते दुसऱ्या कोणाला तिच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नसत.

जावयाला दुखणं सापडलं होतं. कार्बुरेटरच्या आरपार एक बारीक दांडा जातो, त्यावर हवेची गोल झडप बसते. इतकी वर्षं फिरून दांडाही झिजला होता आणि त्याचं भोकही. त्या फटीतून हवा चोरपावलांनी आत शिरून पेट्रोलचं मिश्रण बिघडवत होती. मग बाहेरून स्क्रू कितीही पिळा!

नवा दांडा त्याने गुपचूप मागवलाच होता. झडपेचे दोन इवलेसे स्क्रू सुटेनात, तेव्हा पठ्ठ्याने जोर लावला. ते इंजिनात गळू नयेत म्हणून त्यांची टोकं मागून फाकवलेली असतात, हे त्याला दोन्ही मोडल्यावर कळलं. मग त्याने जुना दांडा करवतीने कापला. नवा घातला, तर झिजलेल्या भोकात तोही डुलायला लागला. भोक मोठं करून आत नळीसारखा बुश बसवावा म्हणून त्याने ड्रिल लावलं, आणि ड्रिल तिरपं गेलं. आता दांडा एका बाजूने आत शिरे आणि दुसऱ्या बाजूला भिंतीवर डोकं आपटे. दुपारचे बारा वाजले होते. त्याच्या चेहऱ्यावरही वाजले होते.

सासूबाई ताटं घेऊन आल्या.

"आई, घात झाला. बाबा आता मला घरात घेणार नाहीत."

सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढला, एक डोळा मिटला आणि भोकातून खिडकीकडे पाहिलं.

"ड्रिल नुसतं हातात धरून मारलंत?"

"हो."

"अंदाजाने?"

"हो."

"छातीचे आहात," त्या म्हणाल्या. "उचला ते. दुकानात चला."

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. सासूबाईंनी तिथे तीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली होती. जावयाला ते ठाऊक होतं, पण म्हणजे त्या सुया बदलत असतील, अशी त्याची समजूत होती. आता त्यांनी कार्बुरेटर शिकंज्यात धरला, वाकडं भोक सरळ करून घेतलं, छोट्या लेथवर पितळेचे दोन बुश कातले आणि दोन्ही बाजूंना ठोकून बसवले. मग भोक नेमक्या मापाचं करणारा एकच लांब रीमर दोन्ही बुशमधून आरपार घालून त्या तो हाताने, इतक्या सावकाश फिरवू लागल्या, की जावयाने श्वाससुद्धा बेताने घेतला. पितळेचा पिवळा कीस केसासारखा बारीक पडत होता.

शेवटी त्यांनी तेलाचं बोट फिरवून दांडा भोकावर उभा धरला आणि सोडला. तो खाली पडला नाही. अडलाही नाही. स्वतःच्या वजनाने, अगदी हळू, खाली उतरत गेला. जावयाचे हात आपोआप जोडले गेले. आठ वर्षं आपण या बाईकडून चहा मागून घेतला, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सव्वाचारला कार्बुरेटर गाडीवर चढला. सासूबाईंनी नव्या पितळेवर जुनं काळं ग्रीस फासलं आणि किल्ली फिरवली. काहीच आवाज येईना, म्हणून जावयाने पुन्हा किल्लीला हात घातला.

"चालू आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. खरंच चालू होती. झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी हलकी धुगधुग तेवढी हाताला लागत होती.

"आई, हे तुम्हाला येत होतं? मग इतकी वर्षं का नाही केलंत?"

सासूबाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला. गाडी पहिल्यासारखी थरथरू लागली.

"अहो आई, हे काय!"

"हे रविवारी इथे असतात, म्हणून माझ्या स्वयंपाकघरात शांतता असते. गाडी बरी झाली तर हे जातील कुठे?"

पाच वाजता सासरे आले. त्यांनी गाडी चालू केली, थरथर ऐकली आणि समाधानाने मान हलवली. "एक दिवस नसलो तर बघा हिची अवस्था!" त्यांनी बाह्या सरसावून स्क्रूला जरासा पीळ दिला. आता फटीतून हवा शिरत नव्हती. इंजिन जागच्या जागी शांत झालं.

सासरे थक्क झाले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले.

"जमलं!" त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "बावीस वर्षांनी जमलं. जावईबापू, पाहिलंत? याला म्हणतात हात!"

"बरं," जावई कसाबसा म्हणाला.

दहा मिनिटांत सासरे हात धुऊन स्वयंपाकघरात हजर झाले. "चला, आता रविवार मोकळे. अगं, कांदा असा चिरतात होय? आण इकडे. आणि हे डबे उंचीप्रमाणे का नाही लावलेस?"

सासूबाई सुरी ठेवून बाहेर आल्या आणि जावयाला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाल्या, "बुधवारी हे डोळे तपासायला जाणार आहेत. तुम्ही या. कार्बुरेटर पुन्हा बिघडवायचाय."

"मी? तुम्हीच बिघडवा ना."

"माझा हात तसा वळायचा नाही हो," सासूबाई मनापासून म्हणाल्या. "त्याला तुमच्यासारखा माणूस लागतो."