मधमाश्यांना मारलेली थाप

आमच्या क्लेमेंटला घाई फार, आणि घाईपोटी खोटं बोलायची खोड त्याहून फार. लहानपणी चर्चची काच फोडली आणि "वाऱ्यानं फुटली" म्हणाला. बापाने गुपचूप नवी बसवून दिली. शेजारच्या डुकरांचं फाटक उघडं टाकून "मी नाही" म्हणाला. बापानेच चिखलात लोळून डुकरं धरून आणली. बाप म्हणजे माझा नवरा, एनॉक. पोराला कधी एका शब्दाने बोलला नाही.

या मार्चात म्हातारा अंथरुणाला खिळला. डॉक्टरने नुसती मान हलवली. क्लेमेंट शहरातून आला खरा, पण सारखा आपला परतीच्या बसची वेळ बघायचा.

आमच्याकडे घरधनी गेला की थोरल्या मुलाने दाराच्या किल्लीने मधपेट्यांवर टकटक करून मधमाश्यांना सांगायचं असतं, पेट्यांना काळी चिंधी बांधायची असते. नाही सांगितलं तर माश्या घर सोडून जातात. त्यासाठी पुन्हा खेप पडायला नको, म्हणून बाप तोंड उघडं टाकून झोपलेला पाहून माझ्या लाडक्याने ते काम आधीच उरकून टाकलं! चिंध्याही माझ्या चांगल्या काळ्या परकराच्या.

कुंपणापलीकडून प्रूडन्स टॅपस्कॉटने चिंध्या पाहिल्या. त्या बाईला एवढं पुरे. दुपारनंतर चर्चची घंटा सुरू झाली. आधी पुरुषमाणूस गेल्याचे नऊ टोले, मग वयाचे, वर्षाला एक.

म्हातारा जागा होऊन मोजत बसला. "डॉर्कस, माझ्याच वयाचं कोणीतरी गेलं गं. कोण?"

काय सांगू, कपाळ? तेवढ्यात प्रूडन्स डुकराचं मांस भरून भाजलेली जाड पोळी घेऊन रडत जिना चढली, आणि मेलेला माणूस उशीला टेकून बसलेला बघून तिथेच थिजली.

"अगंबाई, हे तर जिवंत!" रडणं थांबलं, राग सुरू. "घरातलं सगळं मांस घातलं की मी हिच्यात!"

"आण इकडे," म्हातारा म्हणाला. "माझ्यासाठीच केलीस ना?"

तिच्या मागोमाग थडगी खणणारा जेबेझ, टोपी हातात. "वहिनी, खड्डा खणून झालाय. माती गोठलेली, कंबरडं मोडलं माझं. आता बुजवू काय?"

"असू दे उघडा," खाटेवरूनच उत्तर आलं. म्हाताऱ्याला खिडकीतून पेट्यांवरच्या काळ्या चिंध्या दिसल्या होत्या. त्याने पोळी बाजूला सारली आणि दारातल्या पोराकडे पाहिलं. "क्लेमेंट, तू सांगितलंस त्यांना?"

"चुकलं, बाबा. चिंध्या काढतो. जाऊन सांगतो की खोटं होतं."

"खोटं बोलणाऱ्या घरात त्या राहत नाहीत, पोरा."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. सूप नको, दूध नको. मी ओरडले, मग हात जोडले. "एनॉक, त्या किड्यांपायी?"

"माश्या गेल्या तर सगळा गाव पोराला खोटारडा म्हणेल गं," एवढंच बोलला.

शुक्रवारी गेला. घंटेवाला म्हणाला, एकदा वाजवून झाली आहे.

माती देऊन परतलो तर ऊन पडलं होतं. सगळ्या माश्या आपापल्या पेटीत, कामाला लागलेल्या. क्लेमेंट किल्ली घेऊन उभा, डोळे सुजलेले.

"आई, आता खरं सांगून येऊ त्यांना?"

"ठेव ती किल्ली. त्यांना सांगून झालंय. तुझी एकेक थाप बापानं निस्तरली, क्लेमेंट, आणि ही तर खरी करून दिली. पुढच्या थापेला तुझ्यापाशी बाप नाही."