वसंतनाना गाडी हलकी करतात

जळगावच्या सराफ बाजारात लोक सोनं तोलायला जातात. आमचे शेजारी वसंतनाना स्क्रू तोलायला जातात.

मी एकदा बायकोची बांगडी जोडून घ्यायला पारसभाऊंच्या पेढीवर गेलो, तर नाना आधीच गादीवर मांडी घालून बसलेले. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. पुडीत दोन स्क्रू. एक लोखंडी, एक टायटॅनियमचा. समोर लग्नाचं गिऱ्हाईक ताटकळत असताना पारसभाऊंनी दोन्ही स्क्रू काट्यावर ठेवून वजनं वाचून दाखवली. नानांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग समाधानानं म्हणाले, "टायटॅनियमचा निम्म्याच्या जरा वर. गाडीत असे साठ शेतस."

गिऱ्हाईकानं आदरानं विचारलं, "कोणती गाडी आहे, काका?"

नानांनी दोन्ही हातांनी जेवायच्या पाटाएवढं अंतर दाखवलं.

ही त्यांची रिमोटवर चालणारी शर्यतीची गाडी. नाना नळ्यांच्या कारखान्यात तीस वर्षं प्लास्टिक ओतत होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर राजकारणावर बोलतात. नानांनी ही गाडी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून ती सुधारायला घेतली. चार वर्षांत मी ती तीनदा धावताना पाहिली असेल. एरवी ती डायनिंग टेबलावर उघडी पडलेली असे आणि घरातली माणसं खाली बसून जेवत. चाकांमधले प्लास्टिकचे बुश काढून बेअरिंग घातले. तळाची पट्टी बदलून कार्बन फायबरची आणली आणि तिचे पदर सुटू नयेत म्हणून कडांना दोन दिवस गोंद लावत बसले. त्या दोन दिवसांत घरी आलेल्या पाहुण्यांना कोणी चहा विचारला नाही.

समोर काहीही आलं की नाना आधी नखानं खरवडून पाहतात आणि विचारतात, "हाई मटेरियल काय शे?" ग्लास असो, देव्हारा असो, नातवाचा पाळणा असो. त्यांच्या भाच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही जामनेरला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली. नाना खुर्चीचा हात खरवडत होते. नेमकं तेव्हाच त्यांनी मोठ्यानं विचारलं, "मटेरियल काय शे?" मुलीचे वडील उभे राहिले. भाच्याचं लग्न पुढे शिरपूरला जमलं. तिथे नानांना नेलं नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो गाडीच्या हातांवरून. चाकाला गाडीशी जोडणारा जो दांडा असतो, त्याला ही मंडळी आर्म म्हणतात. गाडीबरोबर आलेले आर्म प्लास्टिकचे होते. नानांनी ते काढून निळे चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे बसवले. मी म्हटलं, "नाना, प्लास्टिक निदान लवतं तरी." नाना माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "तीस वर्षं मी प्लास्टिक केलं. त्याची औकात मला सांगू नका."

मग धुळ्याला शर्यत ठरली. तिथल्या काही हौशी लोकांनी एका मंगल कार्यालयाचं पार्किंग रविवारपुरतं मिळवलं होतं. माझ्या मोटारीतून न्यायला मीच. पारोळ्यापर्यंत नाना खोकं मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक गतिरोधकाआधी मला "हळू" म्हणत होते. शेजारी बसलेल्या आपल्या बायकोला, कमलअक्कांना, त्यांनी वाटेत पाणी तरी विचारलं का, ते मला आठवत नाही.

पार्किंगमध्ये जुने टायर मांडून वळणं केली होती. नानांच्या शेजारी शिरपूरची एक तरुण दातांची डॉक्टर उभी होती. तिची गाडी खोक्यातून आली तशीच होती. नानांनी ती उलटी करून पाहिली आणि मला कोपरानं ढोसलं. "बठ्ठं प्लास्टिक." म्हणजे सगळंच्या सगळं.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीत नाना खरंच पुढे होते. दुसऱ्या फेरीत त्यांची गाडी टायरला धडकली आणि निळा आर्म वाकला. एक चाक मंगल कार्यालयाकडे बघायला लागलं, तीन चाकं रस्त्याकडे. मागून डॉक्टरीणबाईंची गाडी त्याच टायरवर आदळली, तिचा आर्म लवला, सरळ झाला आणि गाडी निघून गेली. ती जिंकली.

नंतर ती आपली पेटी घेऊन आली. "काका, माझ्याकडे एक जादा आर्म आहे. तुमच्या गाडीला बसेल. पुढच्या शर्यतीला उतरता येईल."

"मटेरियल काय?" नानांनी विचारलं.

"प्लास्टिक."

"मग राहू द्या."

परतीच्या वाटेवर नाना खोकं पायाशी ठेवून बसले. मी ही हकिकत कॉलनीत किमान दहा घरी सांगितली, वाकड्या चाकाच्या अभिनयासकट. लोक पोट धरून हसले. नाना समोरून आले की पोरंसुद्धा "मटेरियल काय शे" म्हणायला लागली. नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत.

पावसाळ्यात कमलअक्का रस्त्यात घसरून पडल्या आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अक्का फाटकापर्यंत येत, खांब धरत, समोरच्या रस्त्याकडे पाहत आणि परत फिरत. भीती बसली होती. मुलीनं समजावलं, माझ्या बायकोनं समजावलं. नाना समजावायचे म्हणजे ओरडायचे, आणि मग अक्का फाटकापर्यंतही येत नसत.

त्याच सुमाराला नानांचं एक पार्सल आलं. ते त्यांनी माझ्यासमोरच फोडलं. आत चार आर्म, काळे, प्लास्टिकचे. एक मोटर, जास्त वेढ्यांची, म्हणजे मंद. आणि सगळ्यात कमी दात्यांचं चाक, म्हणजे वेग आणखी कमी. मला राहवलं नाही. "नाना, या वेळी शर्यत कासवांशी आहे का?"

"मध्येच मोडायला नको," एवढंच म्हणून ते पार्सल घेऊन आत गेले. मी ही गोष्टही चार घरी सांगितली.

आठवड्याभरानं सकाळी दूध आणायला स्कूटरवरून निघालो आणि कोपऱ्यावरच ती बंद केली. कॉलनीच्या मागच्या सिमेंटच्या रस्त्यावर ती गाडी चालली होती. मुंगीच्या चालीनं, अगदी सरळ. तिच्या मागे दोन पावलांवर कमलअक्का. त्यांचं लक्ष पायांकडे नव्हतं, गाडीकडे होतं. मागे नाना. रिमोट एका हातात. दुसरा हात अक्कांच्या पाठीमागे, टेकलेला नाही, नुसता धरलेला. वळण आलं की तो हात तेवढ्यापुरता रिमोटला लागायचा आणि पुन्हा पाठीमागे जायचा.

"तिले सांगा, जरा हळू," अक्का म्हणाल्या. गाडी आणखी हळू झाली.

कडुनिंबापाशी अक्कांना दम लागला. त्या थांबायच्या आत गाडी थांबली.

"का थांबी गई?"

"मोटर गरम झाली," नाना म्हणाले. "होऊ दे थंड."

आपल्या गाडीत काही गरम होतं, हे नानांनी आजवर कोणापुढे कबूल केलं नव्हतं. अक्का कडुनिंबाला हात टेकून उभ्या राहिल्या, धाप ओसरेपर्यंत. नाना गाडीकडेच बघत होते. मग अक्का म्हणाल्या, "चाला आते."

मी स्कूटर सुरू न करता तशीच ढकलत मागे वळवली आणि दूध दुसऱ्या गल्लीतून आणलं.