इंजिनावर अक्षता

नॉक सेन्सर सुपारीपेक्षा थोडा मोठा होता. काळा, गोल, मधोमध बोल्टसाठी भोक आणि खालची बाजू चकचकीत धातूची. इंजिनात अवेळी होणारे स्फोट तो ऐकतो, असं भक्तीनं सांगितल्यापासून योगीराज खुर्ची मागे सरकवत थेट तुळशीपाशी पोचले होते.

"स्फोट म्हणजे केवढे?"

"बाबा, बारीक असतेत. खटखट येते तेवढेच."

"बारीक असला तरी स्फोटच ना."

कृषी विद्यापीठात कारकून असलेले योगीराज कशालाच घाबरत नाहीत, असं फक्त तेच सांगत. भक्तीला मेकॅनिकल शिकायला पुण्याला जायचं होतं. हॉस्टेल, रहदारी, अनोळखी माणसं आठवून योगीराज महिनाभर "बघू" एवढंच म्हणत होते. परभणीत राहून फार्मसी केली, तर पोरगी डोळ्यांसमोर तरी राहील. कॉलेज निवडायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. "सेन्सर बदलून दाखवते, मग सांगा," असं भक्तीनं सकाळी म्हटलं आणि ते अडकले. त्यात गाडी बायकोची, अंबिकाची, आणि ती सोनपेठहून दुपारच्या एसटीनं येणार होती.

भक्तीनं बॅटरीची तार सोडवली, गार इंजिनावरचा हवेच्या नळ्यांचा जुडगा उतरवला. खाली चार तोंडं उघडी पडली. त्यांत तिनं स्वच्छ फडकी बसवली.

"यात कायबी पडलं तर इंजिन गेलं."

योगीराजांनी आपल्या शर्टाची बटणं ओढून तपासली.

जुना सेन्सर निघाला. भक्ती शेजारी पाना मागायला गेली. योगीराज घरात गेले. ते पाणी पिऊन आले, तर त्यांची आई चतुराबाई ताट घेऊन गाडीपाशी उभ्या. फडकी घडी करून बाजूला ठेवलेली. हळदकुंकू वाहून झालं होतं.

"आई, थांब!"

अक्षता पडल्या.

"नवी वस्तू अशीच बसवतेत का रे? आन् पूजेला चिंध्या कशाला?"

तेवढ्यात भक्ती आली. योगीराज बॉनेटसमोर हात पसरून उभे राहिले.

"गाडी आज सुरू करू नको."

"कामून?"

"मुहूर्त चांगला न्हाई."

"चांगलाय की," चतुराबाई म्हणाल्या. "बघूनच तर अक्षता टाकल्या."

भक्तीनं त्यांच्या हाताखालून वाकून आत पाहिलं. तिनं घरातलं धूळ ओढायचं मशीन आणलं, त्याला बारीक नळी चिकटवली.

"बाबा, टॉर्च धरा."

उजेड चारही भोकांवर नाचू लागला.

"आण इकडं," चतुराबाईंनी टॉर्च हिसकावला. "लय थरथरायलास."

दाणे एकेक करून निघाले. शेवटचा झडपेच्या अगदी कडेला अडकला होता. नळी जवळ गेली. योगीराजांनी डोळे मिटले. दाणा सुळकन वर आला.

मग सेन्सरच्या जागेवरचं कुंकू. "धातूला धातूच लागला पाहिजे," पुसता पुसता भक्ती म्हणाली. "मधी थर असला तर त्याला नीट ऐकू येत नाही."

"मग जरा जास्त आवळ. निसटंल."

"जास्त आवळला तरी बिघडतो. हा पाना बरोबर जागी टक् करतो."

टक् झालं. योगीराज उडाले.

सगळं परत जोडून ती किल्लीपाशी बसली.

"अरे, मी म्हातारी," चतुराबाई मागे न बघता म्हणाल्या, "आन् तू माझ्या मागं लपायलास?"

इंजिन सुरू झालं. खटखट नव्हती. डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा विझला. योगीराजांनी सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

भक्ती हात पुसत न्हाणीघराकडे बघत होती.

"बाबा, आपला गॅस गिझर पेटताना धाडकन वाजतो ना? आता हात लागलाच हाय, तर तोबी उघडून बघते."

योगीराज पळतच तिच्या आणि न्हाणीच्या दारामध्ये जाऊन उभे राहिले.

"पुण्याला जा," ते म्हणाले. "आत्ताच फॉर्मात कॉलेज टाक. माझ्यासमोर."