वसंतभाऊंचं वाळूचं घड्याळ

आमच्या मुरबाडचे वसंतभाऊ कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितात, पण लिहिलेलं एखादं बटण काढायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. दर दोन-चार वर्षांनी नवा प्रोग्रॅम आणतात, रंग बदलतात, आणि जुनं सगळं जागच्या जागी! नातवंडांनी कधी न पाहिलेल्या फ्लॉपीचं चित्रसुद्धा. विचारलं तर म्हणतात, "वयनी, खुंटी उपटली तर सदरा कुठं टांगू?"

टोकावड्याच्या भातगिरणीत मी वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर बसते, ती त्यांच्याच प्रोग्रॅमसमोर. पहिलं मशीन दमेकरी. एका पोत्याचं वजन नोंदवलं की पडद्यावर 'थांबा' आणि वाळूचं घड्याळ यायचं. ते जाईपर्यंत पुढचं पोतं घेता येत नसे. मी तेव्हा तरणीताठी, अक्कल मात्र बेताची. वाळू अडकली असेल म्हणून मॉनिटरच्या टाळक्यात चापट्या मारायची. मालक ओरडायचे, "अगो, चित्र हाय ते!" मी म्हणायची, "मग चित्रातली वाळू पडाया नको?"

आता मशीन वाऱ्यासारखं पळतं. घड्याळ तेच, थांबतंही तेवढंच.

यंदापासून मालकांची सून सोनल कारभार बघते. ती म्हणाली, "काका, हे काढा. नायतर मी कल्याणवाल्यांचा प्रोग्रॅम घेते."

भाऊंकडे एवढी एकच गिरणी उरलेली. ते म्हणाले, "काढतो. पण आज तू इथंच बस, सूनबाय."

घड्याळ गेलं. मी खूश! किसनमामा हमाल पाठीवरून पोतं आणतोय, काट्यावर टाकतोय, आणि मी लगेच, "आण रे मामा, पुढचं!" दुपार व्हायच्या आत मामा पोत्यावरच बसला. पुढचं पोतं काही उचलेना. रोज घड्याळ आलं की तो भिंतीला पाठ टेकायचा. माझं सगळं लक्ष आपलं वाळूकडे!

भाऊंनी त्याला पाणी दिलं. सोनलच म्हणाली, "काका, परत टाका ते."

भाऊ कीबोर्डावर बसले. मग मामाकडे वळून हळूच म्हणाले, "मामा, टाइम पुरायचा का रे तुला?"

"पुरायचा की. आजून जरासा आसता, तर बिडीचा येक झुरका झाला आसता."

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ झुरकाभर जास्त थांबायला लागलं. सोनलनं पडद्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि सगळ्यांना चहा सांगितला.