सुईचं पथ्य

घरात दीड वर्षाचं पोर असताना रेकॉर्ड प्लेअरची सुई शाबूत ठेवून दाखवणारी बाई सगळ्या सरिना गावात एकच, आणि ती मी. लोक पोराला कठड्यात ठेवतात आणि वस्तू बाहेर. मी वस्तू कठड्यात ठेवली. बैठकीच्या खोलीत मधोमध लाकडी कठडा, आत माझ्या वडिलांचा प्लेअर, आणि बाहेर माझा अँगस गज धरून उभा, तुरुंगात भेटीला आलेल्या नातेवाइकासारखा.

सुईला टोपण, टोपणाला चिकटपट्टी. धूळ झटकायची ती मऊ ब्रशने, मागून पुढे, श्वास रोखून. घरात बूट बंद. आमचं घर इथल्या सगळ्या जुन्या घरांसारखं लाकडी खांबांवर उभं आहे. कोणी जिन्यावर पाय टाकला की जमीन दचकते, आणि जमीन दचकली की सुई उडी मारते.

एवढं काय त्या सुईचं, असं तुम्ही म्हणाल. माझा नवरा लॉकलन चौदा दिवस खाणीवर असतो आणि सात दिवस घरी. गावात येऊन आम्हाला आठ महिने झाले. वडिलांच्या तबकड्यांत एक नाच शिकवणारी आहे. तिच्यातला माणूस म्हणतो, "डावा पाय पुढे. सावकाश. शाब्बास, छान जमतंय." दिवसभरात माझ्याशी बोलणारा मोठा माणूस तेवढाच, आणि छान जमतंय म्हणणारा तर जगात तो एकच. सुई जुन्या घडणीची. जोडीला दुसरी मागवली, तर दुकानदार म्हणाला, सहा आठवडे लागतील.

अशात एका सकाळी पोस्टमन लंगोटांचं खोकं घेऊन घोड्यासारखा बारा पायऱ्या चढला. सुई 'डावा पाय पुढे'वरून उडाली ती थेट 'आता जोडीदार बदला'वर!

त्याच दिवशी मी फाटकावर पाटी लावली. 'कृपया बेल वाजवू नका. जिना हळू चढा. आवाज टाळा. आत परिस्थिती फार नाजूक आहे. निदान सहा आठवडे.'

दुसऱ्या दिवशी जाळीचं दार उघडलं, तर पायपुसण्यावर लझान्याचं भांडं. अजून गरम. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिसऱ्या दिवशी ट्यूना घातलेला पास्ता आणि खिम्यावर बटाट्याचा थर दिलेली परात. भांड्यांच्या बुडाला नावाच्या पट्ट्या, म्हणजे परत कुठे द्यायची ते कळावं.

"लोक दारात जेवण ठेवून जातायत," मी फोनवर लॉकलनला सांगितलं.

"कोण लोक?"

"दिसतच नाहीत. बेलही वाजवत नाहीत."

"तूच लिहिलंयस ना, वाजवू नका म्हणून?"

"हो, पण..."

"मग खा की. मी इथे रोज तेच सॉसेज खातोय."

खाल्लं. पण शेजारची गवत कापायची यंत्रं बंद पडली होती. समोरचा कुत्रा दिसेनासा झाला होता. गल्ली अशी गप्प, की मला फ्रिजची घरघर सोबतीसारखी वाटायला लागली.

चौथ्या दिवशी कोंबडी-भातावर एका शेजारणीची चिठ्ठी आली. 'धीर सोडू नकोस. लहान मुलं चिवट असतात. रोझाल्बा.'

अँगसला काहीतरी झालंय, सगळ्या गल्लीला दिसतंय, आणि आई असून मला कळलं नाही! मी त्याचा ताप पाहिला. डोळे, जीभ, कान पाहिले. पुन्हा ताप पाहिला. तो थर्मामीटर चावून खुशीत नाचला. मग खिडकीतून माझी नजर फाटकावरच्या पाटीवर गेली, आणि ती मी पहिल्यांदाच परक्याच्या डोळ्यांनी वाचली.

तेवढ्यात जिना अगदी हलकेच करकरला. समोरच्या घरातली ग्लेनिस. वय बहात्तर, काखेत बूट, हातात रिकामी पिशवी, पाय न वाजवता खाली निघालेली. दारात तिचं भांडं.

"ग्लेनिस, थांबा!"

"शू," ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाळ उठेल. कसा आहे?"

"बरा आहे. केळं खातोय."

"बरंय, पोरी. अन्न जातंय ना, मग निभावेल."

"तो आजारी नाहीये, ग्लेनिस."

"मग लॉकलन?"

"तोही नाही. सुई आहे. रेकॉर्ड प्लेअरची. पायऱ्यांवर धक्का बसला की उडते."

ग्लेनिसने हातातल्या पिशवीची घडी घातली.

"आमच्या मर्व्हने चार दिवस गवत कापलं नाही," ती म्हणाली. "काल त्यातून साप निघाला. कुत्रा बहिणीकडे पाठवलाय. चर्चमध्ये प्रार्थनेत तुझ्या पोराचं नाव घेतलं आम्ही."

"मला माफ करा. आत या ना. चहा टाकते."

तिने आत डोकावून पाहिलं. कठड्यात प्लेअर, बाहेर केळ्याने माखलेला अँगस. तिला हसू आलं, असं मला वाटलं. "नको बाई. माझी पावलं जड. तुझ्या त्या सुईला काही झालं तर?"

हीच ती वेळ होती. मी म्हणायला हवं होतं, खड्ड्यात गेली सुई, तुम्ही आत या. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी माझ्या उंबऱ्याशी उभं होतं.

मी म्हणाले, "बूट बाहेर काढलेत तर चालेल."

ग्लेनिसने काखेतल्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा कधीतरी," म्हणाली, आणि सवयीने पाय न वाजवता उतरून गेली.

पाटी मी लगेच काढली. अर्ध्या तासात सगळ्या गल्लीत गवत कापायची यंत्रं सुरू झाली. भांडी रिकामी परत द्यायची नाहीत ही इथली रीत, म्हणून केक भाजून घरोघर गेले. सगळ्यांनी दारातच घेतले, थँक्यू म्हणाले, पोर गोड आहे म्हणाले. जेवण यायचं बंद झालं.

नवी सुई सहा आठवड्यांनी आली. ती मला तीन दिवसांनी सापडली, खालच्या पायरीवर, दवाने भिजलेल्या पाकिटात. पोस्टमन अजून जिना चढत नाही. आता माझ्याकडे दोन सुया आहेत, दोन्ही शाबूत.

ग्लेनिसचं भांडं तेवढं मी परत केलेलं नाही. मुद्दाम. कधीतरी ते मागायला तिला यावंच लागेल. येताना तिने खुशाल पाय आपटत यावं. सुई काय, तेवढ्यापुरती मी उचलून ठेवीन.