सॅमन मंद आचेवर सर केल्याची हकीकत

श्रीकुलदेवता प्रसन्न. राजमान्य राजश्री वाचणार मंडळींचे सेवेसी. आपण पुसिले जे, वाळवे तालुक्यात परमुलखीचा मासा कैसा आला, त्याच्या कॅलरींचा हिशेब कैसा मांडिला आणि तेलाच्या थेंबावाचून तो कैसा शिजविला, ते साद्यंत लिहोन द्यावे. ऐशियास लिहिणार आणि लढणार इसम एकच, सबब खाशांची स्तुती कोठे जाजती झाली असल्यास ती पदरची समजोन माफी असावी.

इस्लामपूर नजीक मळ्यात हंबीरराव नामे खासे, उसाचे खावंद, वय साठीस आलेले आणि पोट त्याहून पुढे गेलेले. संसाराची इतकी साले लोटली, परंतु चहाचे पातेले कोणत्या फळीवर असते हे त्यांस ठाऊक नव्हते आणि ते पुसण्याची गरजही कधी पडली नाही. मग त्यांचे कुटुंब सौभाग्यवती बनुबाईसाहेब यांजवर टायफॉइड नामे गनीम चालोन आला. औषधांनी त्यास हुसकाविले, परंतु जाता जाता तो बाईसाहेबांची भूक लुटून घेऊन गेला. शेजारून आलेला डबा खासे ताटात वाढोन समोर उभे राहत; बाईसाहेब दोन घास चिवडीत आणि ताट सारीत. सांगलीच्या डॉक्टरांनी हुकूम फर्माविला जे, येत्या सोमवारपावेतो वजन न चढल्यास पुन्हा दवाखान्यात दाखल करून सलाईन लावावे. हे ऐकोन खासे चारचौघांत बहुत धीराने बोलले आणि मग गोठ्यात जाऊन म्हशीआड रडले.

कन्या सृष्टीबाई पुणे मुक्कामी नोकरीस. त्यांनी गावच्या मोटारीतून बर्फाच्या पेटीत सॅमन नामे गुलाबी मत्स्य रवाना केला आणि फोनवर जाबता सांगितला तो येणेप्रमाणे: मसाला नको, तेलाचा कट नको, पाण्यात अलगद शिजवावा आणि पाण्यास उकळी येऊ देऊ नये. शंभर ग्रॅमांत सुमारे दोनशे कॅलरी धराव्या, वजन करून आईस द्यावा आणि किती पोटात गेले ते कळवावे.

खाशांनी मत्स्य बर्फाने लगडलेला तैसाच घरच्या काट्यावर ठेविला, तो अर्धा किलो भरला. म्हणजे हजार कॅलरी, आणि मोहीम येथेच आटोपती. परंतु उसाच्या मुलखात माणूस देवावर भरवसा ठेवितो, सोयऱ्यांवरही ठेवितो, एकल्या काट्यावर मात्र ठेवीत नाही. दुसरीकडे तोलून पाहिल्यावाचून त्यास अन्न गोड लागत नाही. सबब खाशांनी मत्स्य पिशवीत घातला आणि मोटारसायकलीवर स्वार होऊन गावच्या दूध डेअरीवर भर उन्हात कूच केले. तेथील काट्यावर वजन कमी भरले. खाशांस संताप आला आणि त्यांनी भर डेअरीत काटामारीचा पुकारा केला. डेअरीवरचा अर्जुना शांतपणे वदला, "काका, रोज ह्याच काट्यावर तुमचं दूध घेतोय. तवा बरं काय बोलत न्हाई तुमी."

मग खाशांनी तिसरा काटा पंच म्हणोन नेमिला, तो भूपालअण्णांच्या किराणा दुकानीचा. अण्णा जैन, हे गावास ठाऊक आणि खाशांसही ठाऊक, परंतु स्वारीच्या जोशात ते ध्यानी राहिले नाही. अण्णांनी खाशांस पायरीखालीच रोखिले.

"हंबीरराव, आमच्या काट्यावर मासा चढनार न्हाई, राग मानू नका. पर जरा मागं वळून बघा. रस्त्यावर पान्याची धार लागलीया. बर्फ वितळतोय गड्या तुमचा, कोन कशाला चोरतंय?"

खाशांनी मागे पाहिले. डेअरीपासोन दुकानापावेतो ओला माग उमटला होता. कॅलरी कोणी लुटिल्या नव्हत्या, पाणी तेवढे गळाले होते. खासे लाजले. अर्जुनाची माफी मागण्याचे काम त्यांनी तूर्त लांबणीवर टाकिले. अण्णांनी वैनींची तब्येत पुसिली आणि मिरी व लिंबे पुडीत बांधोन कुमक म्हणोन दिली. कशासाठी हवीत, ते पुसिले नाही.

घरी येऊन खाशांनी पातेल्याचा शोध केला. ते तिसऱ्या फळीवर सापडले. त्यात पाणी, मीठ, मिरी, लिंबाच्या चकत्या आणि कोथिंबिरीचे देठ घालोन मंद आच केली, आणि वाफ येऊ लागताच मत्स्य आत सोडिला. आता येथे खरी कसोटी. खाशांचा जन्म गुऱ्हाळात गेलेला. रसाची काहील खदखदल्यावाचून काही शिजते यावर त्यांचा विश्वास नाही. हात वारंवार आच वाढवावयास धावे आणि तेच तो दुसऱ्या हाताने धरोन ठेवीत. इतक्यात मत्स्यातून पांढरे काही पाझरले. खासे घाबरे झाले, फोन लाविला. सृष्टीबाई वदल्या, "पप्पा, प्रोटीन आहे ते. गॅस अजून बारीक करा आणि झाकण ठेवा." तैसे केले. थोडक्या वेळात मत्स्याचा रंग फिका झाला, काट्याचमच्याने टोचता पापुद्रे सुटले, आणि खाशांस जे सुख झाले ते उसाच्या पहिल्या तोडीच्या वेळीही झाले नव्हते.

मग ताट वाढोन खासे बाईसाहेबांच्या खाटेपाशी गेले आणि घास मोजावयास फोन उघडोन पहाऱ्यास उभे राहिले. बाईसाहेबांनी ताटाकडे पाहिले, खाशांकडे पाहिले आणि ताट बाजूस ठेविले.

"तुमी जेवलासा?"

खासे वदले, नाही, तुझे झाले की बसतो.

"मग मी कशी जेवू? लगीन झाल्यापास्नं तुमच्या आदी कवा जेवलीया का मी? रोज ताट म्होरं ठिवून तुमी शिपायागत हुबं ऱ्हाता. घशाखाली घास उतरत न्हाई माज्या."

इतके दिवस खाशांनी डॉक्टर, काटे, बर्फ, आच अवघे तपासिले, आणि जिच्याशी संसार केला तिला हे एक पुसिले नव्हते. त्यांचे डोळे भरोन आले. मग त्यांनी फोन खिशात घातला, डब्यातली भाकरी आणिली आणि खाटेवरच बाईसाहेबांसमोर मांडी घालोन पहिला घास आपण घेतला. तेव्हा बाईसाहेबांनीही घेतला. दुसरा घेतला. वदल्या, "लय अळणी हाय. पर मऊ हाय," आणि आणखी मागितले. दोघांचे हात एकाच ताटात फिरले आणि ताट रिते झाले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सांजेस सृष्टीबाईंचा तगादा आला जे, आईच्या पोटात कॅलरी किती गेल्या तो आकडा त्वरित कळविणे. त्यास खाशांनी दस्तुरखुद्द जबाब लिहिला: आकडा चुकला, आई जेवली.